किडनीच्या रुग्णाचे ताट: आतड्यातल्या जंतूंनाही वाढायचे असते

माझ्या यजमानांच्या किडनीच्या आजाराचे निदान झाले, तेव्हा पहिले तीन महिने मी यांना पांढरा भात, साबुदाण्याची पेज आणि रव्याची लापशी एवढ्यावर ठेवले. डाळ बंद, भाकरी बंद, पालेभाजी बंद, फळ तर घरात आणायचेच नाही. असे करा म्हणून कोणी सांगितले नव्हते. रिपोर्टवर पोटॅशियमसमोर ठळक अक्षरांत ५.६, म्हणजे मर्यादेहून जास्त, छापलेले पाहिले, घरी येऊन मोबाइलवर पोटॅशियमवाल्या पदार्थांची यादी शोधली आणि यादीत जे दिसले ते सगळे स्वयंपाकघरातून काढले. तीस वर्षे नववी-दहावीला विज्ञान शिकवले मी, पण त्या दिवशी भीतीपुढे काही सुचले नाही.

तीन महिन्यांनी पोटॅशियम ५.८ निघाले. मधुमेह असलेल्या माणसाला भात-साबुदाणा घातल्याने साखर वाढली ती वेगळीच. आणि यांना चार-चार दिवस संडासला होत नव्हते. हे बिचारे बोलायचे नाहीत, मी विचारल्यावर म्हणाले, “अगं, खाल्लंच नाही तर होणार कुठून?” मला वाटले, बरोबर आहे. ते बरोबर नव्हते, आणि तो गुंता सोडवायला मला पुढचे वर्ष लागले. तुमचे वर्ष जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी हे कोणासाठी, ते. हे ६४ वर्षांचे, वजन ६२ किलो, एस.टी.त चालक होते. मधुमेह अठरा वर्षांचा, रक्तदाबही जुना. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ, २.९. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, २३. ईजीएफआर १५ ते २९ मध्ये असला की आजाराचा चौथा टप्पा धरतात. डायलिसिस अजून नाही. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातला माणूस घरी आहे आणि चुलीपुढे उभे राहून ‘आज काय करू’ हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांच्यासाठी हे आहे. डायलिसिस चालू असेल तर प्रथिने कमी नव्हे, जास्त लागतात. किडनी बदललेली असेल, रुग्ण लहान मूल असेल किंवा पोटॅशियम सहाच्या घरात असेल, तर इथले एकही माप उचलू नका, आपल्या डॉक्टरांचेच ऐका. आणि आमच्यासारखे घर असले तरी ताट बदलण्याआधी आहारतज्ज्ञाला एकदा भेटाच. आम्ही बार्शीहून सोलापूरला जाऊन भेटलो, त्या मुलीने माझी वही पाहून पहिला प्रश्न विचारला, “काकू, यांच्या आतड्यातले जंतू काय खातात?”

आतड्यात चालते ते

लहान आतड्यात पचून रक्तात गेलेले अन्न मोठ्या आतड्यातल्या जंतूंच्या वाट्याला येत नाही. त्यांच्यापर्यंत पोचतो उरलेला माल: धान्याचा कोंडा, भाजीचा चोथा, न पचलेला थोडा पिष्टमय भाग आणि न पचलेली थोडी प्रथिने. चोथा भरपूर असला तर जंतू आधी तो खातात आणि त्यापासून ब्युटिरेटसारखी साधी आम्ले बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा याच ब्युटिरेटमधून घेतात. म्हणजे चोथ्यावर जंतू जगतात आणि जंतूंच्या उरल्यावर आपले आतडे.

चोथा संपला की काय? गोठ्यातला कडबा संपला की जनावर दावे चघळायला लागते, तसे जंतू प्रथिनांकडे वळतात. प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून ते इंडोल बनवतात, टायरोसिन या घटकापासून पॅरा-क्रेसॉल. इंडोल रक्तावाटे यकृतात जाते आणि तिथे त्याचे इंडॉक्सिल सल्फेट होते, पॅरा-क्रेसॉलचे पॅरा-क्रेसिल सल्फेट होते. निरोगी किडनी ही दोन्ही लघवीतून बाहेर टाकते, आपल्याला पत्ताही लागत नाही. थकलेल्या किडनीला ते जमत नाही. मग ती रक्तात साठतात, आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर व उरलेली किडनी यांना ती इजा करतात असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटून असतात, त्यामुळे डायलिसिसनेही नीट निघत नाहीत.

ही सगळी घाण खरोखर आतड्यातून येते हे कसे कळले, ते मला फार आवडले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टिमोथी मायर यांच्या गटाने २०११ मध्ये डायलिसिसवरच्या दोन प्रकारच्या रुग्णांचे रक्त तपासले: ज्यांचे मोठे आतडे जागेवर आहे ते, आणि ज्यांचे दुसऱ्या आजारामुळे शस्त्रक्रियेने काढून टाकलेले आहे ते. ज्यांना मोठे आतडेच नव्हते, त्यांच्या रक्तात ही दोन्ही द्रव्ये जवळजवळ नव्हती. किडनी दोघांचीही निकामी होती, फरक फक्त आतड्याचा.

दुसरी गोष्ट उलट्या बाजूने घडते. किडनी युरिया बाहेर टाकत नाही म्हणून रक्तात युरिया वाढतो, तो आतड्यात झिरपतो आणि तिथले काही जंतू त्याचा अमोनिया करतात. अमोनियामुळे आतड्यातले वातावरण बदलते आणि अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल होतात. कॅलिफोर्नियातले डॉ. नोस्रतोला वझिरी यांच्या गटाने यावर पुष्कळ काम केले. २०१३-१४ च्या त्यांच्या कामात दिसले की किडनीच्या रुग्णांत युरिया फोडणारे, इंडोल आणि क्रेसॉल बनवणारे जंतू वाढतात आणि ब्युटिरेट बनवणारे घटतात. म्हणजे किडनी आतडे बिघडवते आणि आतडे किडनीला आणखी खाली ओढते. जंतू वाईट नाहीत. आपण त्यांना काय वाढतो, आणि ते वाढलेले आतड्यात किती वेळ पडून राहते, यावर पुढचे ठरते.

आणि मी तीन महिने काय वाढत होते? साबुदाणा. त्यात चोथा जवळजवळ नाहीच.

भाकरी परत ताटात

पोटॅशियम न वाढवता चोथा कसा वाढवायचा, हा खरा प्रश्न आहे. बाकी सगळे त्याच्या मागून येते. याचे पहिले उत्तर आमच्या डब्यातच होते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू, म्हणजे हाच चोथा, आहेत, बाजरी, नाचणी आणि गव्हाच्या आट्यात सुमारे ११, आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात २.८. मी ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी करते, काट्यावर तोलून. एका भाकरीत ५ ग्रॅम तंतू आणि ५ ग्रॅम प्रथिने, असा हिशेब तोंडपाठ झाला आहे. दिवसाला तीन भाकरी: सकाळी एक, रात्री एक, दुपारी भाताबरोबर एक. पोळी खाणाऱ्या घरात पोळीने भागेल, फक्त पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकू नका. ज्वारीत काही जादू आहे असे मला म्हणायचे नाही. आमच्याकडे ती पिकते, यांच्या तोंडात ती बसलेली आहे आणि आमच्या भाकरीत मीठ घालत नाहीत, हा तिसरा फायदा मोठा आहे. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा, ठेवायचे असते. त्यात भाकरीने काहीच खर्च होत नाही.

थकलेल्या किडनीत फॉस्फरसही साठतो, आणि धान्यात तो असतो म्हणून अनेकजण कोंडा टाळायला सांगतात. मीही घाबरले होते. पण धान्या-डाळीतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो आणि तो आपल्याला पुरता शोषता येत नाही. याउलट पाकिटबंद पदार्थांत घातलेली फॉस्फेटे जवळजवळ सगळी शोषली जातात. पाकिटामागे बारीक अक्षरांत ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ असे आकडे दिसले की ते पाकीट परत फळीवर ठेवा. आमच्याकडून अशा चीजच्या वड्या आणि काळी शीतपेये गेली, भाकरी राहिली.

एक चूक मात्र सांगते. आहारतज्ज्ञाकडून आल्यावर उत्साहाने मी एकाच आठवड्यात तीन भाकरी, गवारीची भाजी, सालासकट सफरचंद आणि वर इसबगोल असे सगळे चालू केले. चौथ्या दिवशी यांचे पोट नगाऱ्यासारखे फुगले, रात्रभर झोप नाही. जंतूंनाही नव्या खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात एक भाकरी वाढवा. पोट शांत राहिले तर दहा दिवसांनी दुसरी. आम्हाला साबुदाण्यापासून तीन भाकरींपर्यंत यायला सहा आठवडे लागले, आणि तेवढे लागायलाच हवेत.

भाजी आणि डाळ: पाणी फेकून द्यायला शिका

भाजी रात्रभर पाण्यात भिजत ठेवली की पोटॅशियम निघून जाते, हे मला चौघींनी सांगितले. तसे होत नाही. अमेरिकेत २००८ मध्ये बटाट्यावर मोजून पाहिले: नुसते भिजवून फारसा फरक पडला नाही, फोडी करून उकडल्यावर पोटॅशियम निम्मे झाले, आणि किसून उकडल्यावर सुमारे तीन चतुर्थांश गेले. म्हणजे काम उकळते पाणी करते आणि फोड जितकी लहान तितके जास्त.

माझी रीत अशी. भाजी लहान चिरायची, मोठ्या पातेल्यात भाजीच्या चार-पाच पट पाणी उकळत ठेवायचे, त्यात भाजी सात-आठ मिनिटे शिजवायची, चाळणीवर ओतायची, पाणी मोरीत. मग फोडणी. कुकरमध्ये थोड्या पाण्यात शिजवलेली भाजी चालत नाही, कारण निघालेले सगळे त्याच पाण्यात राहते. दुधी, दोडका, पडवळ, कोबी, घेवडा या आमच्या रोजच्या भाज्या. दोडक्याच्या शिरा मी फेकत नाही. पालक, टोमॅटो, बटाटा, रताळे क्वचित, आणि तेही उकळून पाणी काढल्याशिवाय कधीच नाही. चव जाते, हे खरे. लसूण, जिरे, हिंग, कढीपत्ता, लिंबाचे चार थेंब आणि शेवटी कोथिंबीर, एवढ्याने ती बरीचशी परत येते. पाण्यात चोथ्यातला थोडाच भाग जातो, बाकीचा भाजीत राहतो, आणि जंतूंना तोच हवा असतो.

डाळीचेही तेच. बार्शीच्या तुरीच्या डाळीवर वाढलेल्या माणसाला ‘डाळ बंद’ सांगणे मला आजही क्रूर वाटते, आणि तशी गरजही नसते. तीस ग्रॅम डाळ, म्हणजे लहान अर्धी वाटी, धुऊन भरपूर पाण्यात उकळायची, वरचे पाणी ओतून द्यायचे, नवे पाणी घालून मऊ शिजवायची आणि घट्ट वरण करायचे. यांच्या आवडीची कटाची आमटी मात्र गेली. पुरणाची डाळ शिजवून काढलेले पाणी म्हणजे कट, आणि नेमके तेच पाणी आपल्याला फेकायचे असते. होळीला घरात पुरण होते, कट मुले खातात, यांच्या पानात येत नाही.

शेंगांच्या चटणीवर आमचा सगळ्यात मोठा वाद झाला. आमच्या जिल्ह्यात भाकरीबरोबर ती नसली तर जेवण झाले असे धरत नाहीत. शेंगदाण्यात प्रथिने, पोटॅशियम, फॉस्फरस तिन्ही भरपूर. तोड अशी निघाली: आठवड्यातून दोन दिवस, एक लहान चमचा, मीठ न घालता कुटलेली. बाकी दिवस लसूण, सुके खोबरे आणि लाल तिखटाची कोरडी चटणी, तीही चमचाभरच.

फळात एक लहान सफरचंद सालासकट, किंवा अननसाच्या दोन फोडी. केळे, चिकू, शहाळ्याचे पाणी नाही. शहाळे ‘किडनीला चांगले’ म्हणून लोक आजाऱ्याला भेटायला येताना घेऊन येतात. भावना समजते, पण या टप्प्यावर त्यातले पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते. कोकणातून कोणी करमळ आणले, ते चांदणीसारख्या पाच धारांचे आंबट फळ, तर त्याला हातही लावू नका. किडनीच्या रुग्णाच्या मेंदूवर त्यातल्या विषाचा परिणाम होतो, उचकीपासून झटक्यांपर्यंत, आणि त्यात माणसे दगावली आहेत. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून मिळते तेही नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते.

प्रथिने: मोजून, पण उपाशी ठेवून नाही

आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात डायलिसिस नसलेल्या रुग्णाला वजनाच्या दर किलोला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत, काही ठिकाणी त्याहून कमी. यांना आमच्या आहारतज्ज्ञाने दिवसाला ४५ ग्रॅम सांगितली. तीन भाकरींची १५, डाळीची साडेसहा, पन्नास ग्रॅम तांदळाची ४, दह्याची ३, दीडशे मिलीलिटर दुधाची ५, भाज्यांची ५ आणि सकाळच्या उपम्याची साडेचार धरली की ४३ होतात. तंतू अठ्ठावीस-तीस ग्रॅमपर्यंत जातात.

आता रविवारचे मटण पाहा. पाव किलो मटण म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने. दिवसभराचा वाटा एका जेवणात, त्याबरोबर चोथा शून्य, आणि रात्री नऊला. न पचलेला भाग सरळ जंतूंपुढे. मांसातल्या कार्निटिनपासून जंतू आणखी एक द्रव्य बनवतात, यकृतात त्याचे टीएमएओ होते, आणि तेही थकलेल्या किडनीत साठते. यांनी मटण पूर्ण सोडले नाही. महिन्यातून एकदा, दुपारी, चार लहान तुकडे, रस्सा नाही, आणि त्या दिवशी डाळ-दूध नाही. आठवड्यातून दोनदा एक अंडे.

उलट बाजूची चूक जास्त घातक आहे आणि घराघरांत होते: प्रथिने जवळजवळ बंदच करणे. मी केलेली हीच. तीन महिन्यांत यांचे चार किलो वजन उतरले, ते मांस उतरले होते. माणूस दुबळा झाला की काहीच उपयोग नाही.

पोट रोज साफ झाले पाहिजे

या भागाची लोकांना लाज वाटते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते.

मल आतड्यात जितका रेंगाळतो तितका जंतूंना प्रथिने कुजवायला वेळ मिळतो. शिवाय किडनी थकली की पोटॅशियम बाहेर टाकण्याचे थोडे काम मोठे आतडे अंगावर घेते. ती वाट बंद झाली तर पोटॅशियम रक्तातच राहते. यांचे ५.६ चे ५.८ झाले त्यात याचा वाटा होता असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले. अमेरिकेत ३५ लाखांहून अधिक माजी सैनिकांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बद्धकोष्ठता असलेल्यांना किडनीचा आजार होण्याचा धोका १३ टक्क्यांनी जास्त आढळला. बद्धकोष्ठतेमुळेच आजार झाला असे त्यातून सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखे ते नाही.

म्हणून वहीत एक रकाना करा. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी केलेला सात प्रकारांचा एक तक्ता आहे: एक म्हणजे लेंड्यांसारखे सुटे कडक खडे, सात म्हणजे निव्वळ पाणी. तीन आणि चार चांगले. हे रोज सकाळी फक्त आकडा सांगतात, मी लिहिते. बोलायला अवघड वाटायचे ते आकड्याने सोपे झाले.

भाकरी-भाजीने यांचे निम्मे काम झाले. उरलेल्यासाठी डॉक्टरांनी लॅक्ट्युलोज दिले, रात्री, त्यांनी ठरवलेल्या मापाने. ही साखर लहान आतड्यात पचत नाही, जशीच्या तशी जंतूंपर्यंत पोचते आणि आतड्यात पाणी ओढते. इसबगोलही चालते, पण त्याला पुरेसे पाणी हवे, नाहीतर ते आतच घट्ट होऊन अडकते. आमच्या यांच्या पायांना सूज असते म्हणून दिवसाला दीड लिटर पाण्याची मर्यादा आहे, त्यात इसबगोलचा पेला धरावा लागतो. पाण्यावर मर्यादा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इसबगोल सुरू करू नका, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर ठेवा.

जे घ्यायचे नाही ते ठामपणे सांगते. मॅग्नेशियमचे पांढरे पातळ औषध नको, या किडनीत मॅग्नेशियम साठते. फॉस्फेटचा एनिमा नको. घटक न लिहिलेली चूर्णे, भस्मे आणि काढे नकोत, देणारा कितीही जवळचा असला तरी. यांच्या मावसबहिणीने प्रेमाने आणलेली पुडी मी तिच्यासमोर बाजूला ठेवली, तिला वाईट वाटले, मला त्याहून जास्त वाटले. पण त्या पुडीत काय आहे हे तिलाही माहीत नव्हते. पाठदुखीच्या गोळ्या आणि स्वतःच्या मनाने घेतलेली अँटिबायोटिक्सही नकोत. पाठदुखीच्या गोळ्या किडनीला मारक, अँटिबायोटिक्स आतड्यातल्या चांगल्या जंतूंचाही फडशा पाडतात.

बद्धकोष्ठतेच्या मागे औषधेही असतात: लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या. त्या आपल्या मनाने बंद करू नका, पण यादी डॉक्टरांपुढे ठेवून विचारा.

आणि चालणे. संध्याकाळी जेवणानंतर आम्ही दोघे अर्धा तास चालतो. सकाळी उठल्यावर कोमट पाणी अर्धा पेला, मग दहा मिनिटे शांत बसायचे, घाई नाही. एस.टी.च्या नोकरीत बत्तीस वर्षे पहाटेच्या गाडीसाठी शौच दाबून धरायची सवय लागलेली, ती मोडायला गोळीपेक्षा ही दहा मिनिटे जास्त उपयोगी पडली.

कॅप्सूल, दही, कोळसा

मीही प्रोबायोटिकची, म्हणजे जिवंत जंतूंच्या कॅप्सूलची, बाटली आणली होती. ‘जंतू किडनीचे काम करतील’ असे विकणाऱ्याने सांगितले. जंतू किडनीचे काम करू शकत नाहीत. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३७ रुग्णांवर झालेल्या एका चांगल्या चाचणीत जंतू आणि त्यांचे खाद्य एकत्र दिले, सहा आठवड्यांत पॅरा-क्रेसिल सल्फेट कमी झाले, इंडॉक्सिल सल्फेटमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२३ मध्ये अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा रुग्णाला खरा फायदा होतो असे म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणून मी दुसरी बाटली आणली नाही, ते पैसे काट्यात आणि चांगल्या ज्वारीत घातले.

दही? घरचे, ताजे, लहान वाटीभर, दुपारी. दह्यातले जंतू आतड्यात कायमचे घर करतात असे समजू नका, आधीपासून राहणाऱ्यांना खाऊ घालणे जास्त महत्त्वाचे. ताक प्यायले तर ते पाण्याच्या हिशेबात धरा.

गार झालेल्या भातात न पचणारा पिष्टमय भाग थोडा वाढतो, आणि तोही जंतूंचे खाद्य असतो. डायलिसिसच्या रुग्णांना असे पीठ पूरक म्हणून दिल्यावर इंडॉक्सिल सल्फेट घटल्याचे २०१४ च्या एका अभ्यासात दिसले. वाटीभर भातातून तेवढे मिळेल असे मी म्हणणार नाही. पण रात्रीचा भात तासाभरात फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी दहीभात करते, त्यात नुकसान काही नाही. ओट्यावर रात्रभर राहिलेला भात मात्र देऊ नका.

जपानमध्ये १९९१ पासून खास तयार केलेल्या कोळशाच्या गोळ्या देतात, आतड्यातच इंडोल शोषून घ्यायला. कल्पना फार चांगली. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत आजाराचा वेग कमी झाल्याचे दिसले नाही. म्हणून कोणी साधा कोळसा विकू लागला तर घेऊ नका. तो औषधेही शोषतो.

कधी थांबायचे आणि फोन करायचा

तीन दिवस शौच नाही आणि पोट ताठ. काळे डांबरासारखे शौच किंवा रक्त (लोहाच्या गोळीनेही काळे होते, तरी विचारा). पाय लुळे वाटणे, छातीत धडधड. दम लागणे, लघवी कमी होणे. जुलाब-उलट्या झाल्या तरी त्याच दिवशी फोन करा, कारण शरीरातले पाणी घटले असताना रक्तदाबाच्या आणि लघवीच्या काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागतात, आणि त्या कोणत्या हे डॉक्टरांनीच सांगायचे.

आमचे आकडे विचाराल तर: आठ महिन्यांनी पोटॅशियम ४.८, वजनातले तीन किलो परत, वहीत बहुतेक दिवशी तीन किंवा चार. क्रिएटिनिन २.९ चे ३.० झाले. ते खाली आले नाही आणि येईल असे मला कोणी सांगितलेही नव्हते. पोटॅशियम उतरले त्यात औषध बदलल्याचाही भाग आहे.

एकादशी

आमचे घर माळकऱ्यांचे. यांची एकादशी चुकत नाही, आषाढीची तर नाहीच. आणि उपासाचे ताट बघा: साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे कूट, बटाट्याची भाजी, रताळ्याचे काप, केळे, वर राजगिऱ्याची वडी. एका दिवसात पोटॅशियम भरभरून, आणि साबुदाण्यामुळे दुसऱ्या दिवशी पोट बंद. पहिल्या वर्षी मी उपास सोडा म्हणाले, हे दोन दिवस बोलले नाहीत. यांची श्रद्धा मोडून मला जेवण सुधारायचे नव्हते.

आता असे करते. आधी मधुमेहाच्या गोळ्यांचे डॉक्टरांना विचारून ठेवते, कारण उपासाला साखर एकदम उतरू शकते. सकाळी भगर, म्हणजे वरई, जिरे-मिरची-तुपाची फोडणी देऊन, कूट न घालता. तिच्याबरोबर काकडीची दह्यातली कोशिंबीर. दुपारी किसून, उकळून, पाणी काढलेल्या बटाट्याचा वाटीभर कीस, तुपात परतलेला, वर लिंबू आणि मिरची. संध्याकाळी पुन्हा भगर आणि उकडलेल्या दुधीची जिरे घातलेली भाजी. मीठ सैंधव असले तरी तेवढेच मोजून, कारण तेही मीठच. रात्री सफरचंद. लॅक्ट्युलोज नेहमीच्या वेळेला, त्यात उपास मोडत नाही असे यांच्या फडातल्या बुवांनी सांगितल्यावर हे निश्चिंत झाले.

द्वादशीला पहाटे हे भगवंताच्या देवळात जाऊन येतात. तोवर माझे घेवड्याचे पाणी उकळलेले असते आणि तव्यावर पहिली भाकरी पडलेली असते.